आठ रुपये साऱ्याचा मतदार : १९३७ ची निवडणूक आणि कुलाबा जिल्हा

फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. आपल्याकडील इतिहासाची पुस्तके ती बहुधा एका वाक्यात आटोपतात : काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या आणि काही महिन्यांनी बाळासाहेब खेर प्रांताचे पंतप्रधान झाले. (प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही त्या काळी पंतप्रधानच म्हणत, विद्यार्थ्यांचा येथे हमखास घोटाळा होतो.) वाक्य खोटे नाही. परंतु कोकणातून पाहिले असता ते अपुरे वाटते. कोकणापुरते बोलायचे तर या निवडणुकीचा इतिहास निकालाच्या तक्त्यापेक्षा दोन रुक्ष गोष्टींत अधिक दडलेला आहे. मतदार कोणी व्हायचे याच्या अटी, ही एक. आणि पडलेली मते मोजायची कशी याचा नियम, ही दुसरी. नेत्यांची चरित्रे लिहिणारे या दोन्ही गोष्टी ओलांडून पुढे जातात. आम्ही येथे त्यांच्यापाशीच थांबणार आहोत.

थांबण्याची जागा म्हणून कर्जत-खालापूरचा मुलूख आम्ही मुद्दाम निवडला आहे. हा भाग मूळचा कुलाब्याचा नव्हे. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. कर्जत तालुका ठाण्यातून तोडून त्याला जोडला गेला तो १८९१ मध्ये, आणि खालापूर हा त्या तालुक्याचाच पेटा. जिल्ह्याची दक्षिण बाजू, म्हणजे महाड, माणगाव, रोहे हा प्रदेश, खोतीच्या छायेत वाढलेली. कर्जत-खालापूरचे दुखणे थोडे निराळे होते. येथे भाताची खाचरे, सावकाराची वही, डोंगरात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आणि त्यांच्या भोवती सरकारी जंगलाचे कायदे. मुंबईशी मात्र या मुलखाचे नाते जिल्ह्यात सर्वांत जुने. खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ मध्येच पोहोचली होती, बोरघाट रेल्वेने ओलांडण्याच्याही सात वर्षे आधी. पुढे १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरातून टाटांची वीज गिरण्यांना जाऊ लागली. १९२२ पासून तिला भिवपुरीच्या विजेची जोड मिळाली. येथले पाणी मुंबईचे माग चालवीत होते, आणि येथली माणसेही. अशा दोन वेगळ्या स्वभावांचे तालुके १९३७ मध्ये ‘कुलाबा जिल्हा’ या एकाच मतदारसंघात बसवले गेले. खालापूरचे मत आणि महाडचे मत एकाच हिशेबात पडणार होते.

आता मतदाराकडे वळू. १९१९ च्या सुधारणांत ग्रामीण मतदार होण्यासाठी जमिनीचा सारा सर्वसाधारणपणे ३२ रुपये असावा लागे. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यांत १६. १९३५ च्या कायद्याने ही अट आठ रुपयांवर आणली, आणि ती केवळ जमिनीच्या मालकाला लागू न ठेवता कूळ म्हणून जमीन कसणाऱ्यालाही लागू केली. मॅट्रिक झालेल्यांना मत मिळाले. स्त्रियांना साक्षरतेवर, स्वतःच्या मिळकतीवर किंवा पतीच्या पात्रतेच्या आधारे मत मिळाले. तरी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकसंख्येत मतदारांचे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपासच राहिले. आठ रुपये हा आकडा आज किरकोळ वाटतो. तो साऱ्याचा आकडा आहे, उत्पन्नाचा नव्हे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. वरकस जमिनीचा तुकडा कसणारा माणूस आठ रुपये साऱ्यापर्यंत पोहोचत नसे. आणि ज्याचे कूळपणच तोंडी, ज्याच्या नावाचा कागद खोताच्या किंवा सावकाराच्या पेटीत, त्याने आपण आठ रुपये साऱ्याची जमीन कसतो हे सिद्ध कसे करायचे?

अस्पृश्य वर्गांसाठी मुंबई प्रांतात दोन जादा वाटा ठेवल्या होत्या. नुसते लिहितावाचता येणे ही एक. दुसरी वाट अधिक विलक्षण आहे : गावकीचे कनिष्ठ वतनी काम जो प्रत्यक्ष करतो, त्याला मत. म्हणजे वेसकर, तराळ, सरकारी टपाल गावोगाव पोहोचविणारा, मामलेदाराच्या घोड्यापुढे धावणारा महार या कामामुळेच मतदार झाला. हे वतन म्हणजे वेठबिगारीचेच सरकारी नाव आहे, असे म्हणत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० च्या दशकापासून कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयके मांडीत होते. ज्या जोखडातून सुटण्यासाठी मत हवे, ते जोखड मानेवर असल्याचा पुरावा दिला म्हणजे मत मिळणार! कायद्याचा मसुदा करणाऱ्यांना यातला विरोधाभास जाणवला नसेल. त्यांना गावात सहज पडताळता येईल अशी खूण हवी होती, आणि गावात सर्वांत सहज पडताळता येणारी गोष्ट जातीचे काम हीच होती. आम्हाला या एका कलमात त्या काळाच्या खेड्याचे जेवढे चित्र दिसते तेवढे अनेक ग्रामीण कादंबऱ्यांत दिसत नाही.

कातकऱ्याला मात्र यांतली एकही वाट नव्हती. त्याच्या नावावर जमीन नाही, त्याला अक्षर नाही, गावकीत वतन नाही. ‘मागास प्रदेश व जमाती’ यांच्यासाठी १७५ जणांच्या सभागृहात जागा होती ती सबंध प्रांतात मिळून एक. म्हणजे कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीतला मोठा समाज या निवडणुकीत प्रेक्षकही नव्हता. याच जिल्ह्यात सात वर्षांपूर्वी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला होता. जंगलाच्या प्रश्नावर माणसे मेली होती, पण मतदार याद्यांच्या अटींत जंगलावर जगणाऱ्याला स्थान नव्हते.

येथपर्यंत यादीचे झाले. आता मोजणीकडे येऊ. कारण कोकणचा निकाल लागला तो मोजणीच्या नियमाने.

१९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला अशा १५ जागा होत्या, त्यांपैकी एक कुलाबा जिल्ह्यात. राखीव जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असतील तर आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी चारांची निवड करायची आणि मग त्या चारांतून सर्व हिंदू मतदारांनी मिळून एकाला निवडायचे, अशी दुहेरी रचना होती. यातला धोका उघड होता. अंतिम फेरीत बहुसंख्य मते सवर्णांची, तेव्हा त्यांना चालेल तोच उमेदवार निवडून यायचा. या धोक्याला काही अंशी उत्तर होते ते मतपद्धतीत. राखीव जागा असलेले मतदारसंघ अनेक सदस्यांचे होते. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला. प्रश्न असा, की ही मते त्याने वेगवेगळ्या उमेदवारांना एकेक करून वाटलीच पाहिजेत, की सगळी एकाच्याच पदरात टाकली तरी चालतील? पहिल्या पद्धतीत बहुमतवाला पक्ष सर्व जागा खिशात घालतो. दुसऱ्या पद्धतीत तसे होत नाही. लोथियन समितीनंतर आणि मतदारसंघ आखणाऱ्या हॅमंड समितीपुढे हा वाद रंगला. काँग्रेसला मते वाटण्याची पद्धत हवी होती, आंबेडकरांना मते एकत्र टाकण्याची. मुंबई प्रांतापुरती आंबेडकरांची बाजू मान्य झाली.

हा नियम कागदावर मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून थोडे गणित करू. समजा चार जागा आहेत आणि एक हजार मतदार. प्रत्येकाला चार मते, म्हणजे एकूण चार हजार. यांतले २५० मतदार एका छोट्या पक्षाचे आहेत आणि त्यांनी आपली सर्व मते एकाच उमेदवाराला दिली. त्याला एक हजार मते पडतील. उरलेले ७५० मतदार मोठ्या पक्षाचे. त्यांची तीन हजार मते चार उमेदवारांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ७५० येतात. छोट्या पक्षाचा उमेदवार पहिल्या क्रमांकाने निवडून आला आणि मोठ्या पक्षाचा चौथा पडला! वास्तविक २५० देखील लागत नाहीत, २०१ पुरतात. मात्र त्यासाठी त्या २०१ जणांत शिस्त हवी. गावोगाव जाऊन, निरक्षर मतदाराला, चारही मते एकालाच द्यायची हे पटवून द्यायला हवे. मोठ्या पक्षापुढची अडचण उलट होती : कोणत्या गावाने कोणाला किती मते द्यायची याची वाटणी आधीच ठरवावी लागे, आणि ती ठरवताना उमेदवारांत भांडणे लागत. इंग्लंडने ही पद्धत आपल्या शाळामंडळांच्या निवडणुकांत १८७० पासून तीस-एक वर्षे वापरली होती. पार्लमेंटसाठी ती तेथे कधी रुजली नाही. साहेबाने घरी जे नाकारले ते वसाहतीत चालवून घेतले. हेतू फोडाफोडीचा होता की न्यायाचा, हा वाद आजही मिटलेला नाही. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर साहेबाच्या मनात शोधण्यापेक्षा कोकणातल्या मतपेट्यांत शोधणे अधिक फलदायी आहे.

या ठिकाणी थोडे दूरचे उदाहरण घ्यावेसे वाटते, कारण तुलनेने मुद्दा उजळतो. वेंगुर्ल्याच्या वखारीमुळे कोकणाला वलंदेज परके नाहीत. त्या वलंदेजांच्या देशात, हॉलंडमध्ये, याच १९३७ च्या मे महिन्याच्या २६ तारखेला संसदेची निवडणूक झाली. तेथे प्रौढ पुरुषांना १९१८ पासून आणि स्त्रियांना १९२२ च्या निवडणुकीपासून सरसकट मत होते. एवढेच नव्हे, मतदानाला हजर राहणे कायद्याने बंधनकारक होते. अल्पसंख्य पक्षांचा प्रश्न त्यांनी आपल्यापेक्षा सरळ मार्गाने सोडवला होता. संसदेच्या शंभर जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटायच्या. देशभरात शेकडा एक मत मिळाले की एक जागा. परिणामी १९३३ च्या संसदेत १४ पक्ष होते. १९३७ मध्ये नियम थोडे कडक झाल्यावर ते दहावर आले. कॅथलिकांचे ३१, समाजवाद्यांचे २३, पंतप्रधान कोलाइन यांच्या प्रोटेस्टंट पक्षाचे १७, आणि खाली उतरत दोन-दोन सदस्यांचे पक्ष. या दारातून मुसर्टचे नाझीही आत आले. दोन वर्षांपूर्वीच्या प्रांतिक निवडणुकांत त्यांना शेकडा आठच्या घरात मते होती. १९३७ मध्ये ती निम्म्यावर आली आणि जागा मिळाल्या चार. अल्पमताला दार उघडे ठेवणारा नियम आत येणाऱ्याचा स्वभाव तपासत नाही, हे या पद्धतीच्या टीकाकारांचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते.

पण त्याच दाराने आलेल्या दुसऱ्या दोघांची नावे साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावीत अशी आहेत. १९३३ मध्ये हेंक स्नेफ्लीट हा क्रांतिकारक तुरुंगात असताना निवडून आला. डच ईस्ट इंडीजच्या समुद्रात ‘झेवेन प्रोव्हिन्सियन’ या युद्धनौकेवर झालेल्या बंडाला त्याने पाठिंबा दिला, हा त्याचा गुन्हा. हाच स्नेफ्लीट १९२० मध्ये मॉस्कोत मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासमवेत वसाहतींच्या प्रश्नावर चर्चा करीत होता. दुसरा रुस्तम एफेंडी. सुमात्रातला हा कवी; ‘बेबासारी’ हे त्याचे १९२६ चे नाटक आधुनिक इंडोनेशियन नाट्यवाङ्मयाच्या आरंभीच्या कृतींत गणले जाते. तो कम्युनिस्टांच्या यादीतून डच संसदेत गेला आणि १९४६ पर्यंत तेथे राहिला. ज्या सहा कोटी लोकांच्या वतीने तो बोलत होता त्यांतल्या एकालाही इंडोनेशियात बसून त्या निवडणुकीत मत नव्हते. त्याला निवडून दिले ते ॲम्स्टरडॅमच्या गोदी कामगारांसारख्या डच माणसांनी. जित देशाचा कवी जेत्यांच्या मतांवर जेत्यांच्या सभागृहात बसतो, हे घडू शकले ते शेकडा एक या नियमामुळे.

डच भाषेत मताला ‘स्टेम’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आवाज. आपल्या भाषेत मत म्हणजे आधी विचार, मग निवडणुकीतले मत. त्याखेरीज आपल्याकडे ‘कौल’ आहे. देवाला लावायचा तोही कौल, जमिनीच्या लागवडीसाठी सरकार रयतेला देत असे तोही कौल, आणि निवडणुकीत जनता देते तोही कौलच. ‘उमेदवार’ हा शब्द तर फारसीतून ‘आशेवर असलेला’ या अर्थाने आला आणि कचेरीत बिनपगारी काम करीत नोकरीची वाट पाहणाऱ्यासाठी मराठीत दीर्घकाळ वापरला गेला. १९३७ मध्ये कोकणातल्या कुळाने या जुन्या शब्दांच्या नव्या अर्थाशी प्रथमच व्यवहार केला. तोवर त्याला ठाऊक होती ती ‘कबुलायत’ : लिहिलेले दुसऱ्याने, अंगठा आपला.

हा अंगठा कोणत्या कागदावर उठत असे ते सांगितले पाहिजे. खोत हा मुळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. १८८० च्या खोती कायद्याने त्याचे हक्क पक्के झाले. कुळांत धारेकऱ्यासारखे थोडे सुरक्षित लोक होते. पण मोठा वर्ग अर्धेलीचा, म्हणजे निम्मे पीक खोताच्या अंगणात नेऊन घालणारा. त्यावर आठवेठ, म्हणजे आठवड्यातून एक दिवस खोताच्या घरी फुकट राबणे; त्यावर फर्माईश. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन कसायचेच नाकारले. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांचा इतका प्रदीर्घ संप देशात दुसरा सहसा सापडत नाही. संपात सामील झालेले बहुतेक आगरी. १९३४ मध्ये चरीला भरलेल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष आंबेडकर होते. आगरी, कुणबी आणि महार यांची दुःखे एका व्यासपीठावर येण्याची ही कोकणातली आरंभीची वेळ, आणि १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात शेतकरी आणि कामगार हे शब्द जातीच्या आधी येतात त्यामागे हा अनुभव आहे, असे आम्हाला वाटते.

पक्षाने उमेदवार उभे केले १७; त्यांतले १३ राखीव जागांवर, चार सर्वसाधारण जागांवर. निवडून आले १४. राखीव जागांवरचे यश समजण्यासारखे आहे. अधिक अर्थपूर्ण आहेत ते सर्वसाधारण जागांवरचे तीन विजय, आणि ते तिन्ही कोकणातले : सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंत विनायक चित्रे, शामराव परुळेकर. यांतली पहिली दोन नावे महाडच्या इतिहासात आधीच येऊन गेलेली आहेत. चवदार तळ्याचा मार्च १९२७ चा सत्याग्रह उभा करण्यात चित्रे यांचा मोठा वाटा होता आणि टिपणीस महाड नगरपालिकेत अस्पृश्यांच्या बाजूने ठाम उभे होते. दोघेही कायस्थ प्रभू. तळ्याच्या पाण्यावरून जुळलेली मैत्री दहा वर्षांनी मतपत्रिकेवर आली. काँग्रेसची लाट, फैजपूर अधिवेशनाला दोन महिने झालेले, गांधी टोपीची प्रतिष्ठा शिखरावर. अशा वेळी जेमतेम सहा महिने वयाच्या पक्षाचे सवर्ण उमेदवार कोकणात निवडून यावेत, याचे स्पष्टीकरण केवळ लोकप्रियतेने देता येत नाही. महार मतदारांनी आणि खोतीला कंटाळलेल्या कुळांतल्या काहींनी आपली मते फोडली नाहीत, एकत्र टाकली. त्या ‘२०१ माणसांची शिस्त’ येथे प्रत्यक्षात उतरली.

मुंबईत स्वतः आंबेडकर भायखळा-परळ भागातून उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध पी. बाळू यांना, म्हणजे १९११ चा इंग्लंड दौरा गाजवणाऱ्या पालवणकर बाळूंना, उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. हे आकडे चरित्रांतून सर्रास माणसांचे म्हणून वाचले जातात. ते मतांचे आहेत. एका माणसाची अनेक मते एकाच नावापुढे असू शकत होती. त्या गिरणगावात कोकणचे, घाटाखालचे लोक किती असतील याचा अंदाज वाचकाने करावा. कर्जत-खालापूरचा जो तरुण गावात आठ रुपये साऱ्याला पोहोचत नव्हता, तो परळच्या चाळीत राहून या लढतीत कुठे ना कुठे सामील होता. निदान घोषणा देणाऱ्यांत.

मंत्रिमंडळ बनण्याचा प्रकार थोडक्यात सांगण्यासारखा आहे. गव्हर्नरांच्या अधिकारावरून काँग्रेस अडून बसली तेव्हा एप्रिलपासून धनजीशा कूपर यांचे हंगामी सरकार आले, आणि १९ जुलै १९३७ रोजी खेरांनी सूत्रे घेतली. नरिमनांना डावलल्याचा गाजलेला वाद याच वेळचा. कोकणच्या कुळाला त्याचे सोयरसुतक नव्हते.

त्याला सोयरसुतक होते ते १७ सप्टेंबर १९३७ च्या दिवसाशी. त्या दिवशी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. ते काही खोतांना हाकलून द्या असे म्हणणारे नव्हते. खोतांना वाजवी भरपाई आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला भोगवटादाराचे हक्क, अशी त्याची मांडणी. सरकारने ते पुढे येऊ दिले नाही. शेतकऱ्यांचे राज्य आणू म्हणून फैजपुरात ठराव करणारा पक्ष सत्तेत आल्यावर वर्षभरातच खोतीच्या विधेयकापुढे थबकला, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतले वकील, सावकार आणि खोत घराण्यांतली शिकलेली मुले हाच पक्षाच्या स्थानिक नेतृत्वाचा कणा होता. यात सगळेच दांभिक होते असे नव्हे. फैजपूरच्या अधिवेशनासाठी खानदेशात राबलेले साने गुरुजी स्वतः पालगडच्या खोत घराण्यातले, आणि त्या घराची पडझड ‘श्यामची आई’मध्ये आहेच. पण व्यक्तीचे मन आणि पक्षाचा पाया या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी बोटींतून आणि पायी मुंबईत आले. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, शिवाय घाटावरचेही. वीस हजारांच्या आसपासचा तो जमाव विधिमंडळावर चालून गेला, पुढे आंबेडकर, परुळेकर, इंदुलाल याज्ञिक. निवडणुकीत ज्यांना मत होते आणि ज्यांना नव्हते ते दोघेही या मोर्चात होते, ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. आठ रुपयांची अट रस्त्यावर लागू नव्हती. चरीच्या संपाचा शेवट होण्याआधी महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना तेथे यावे लागले आणि १९३९ च्या कूळ कायद्याने कुळाला प्रथमच काही संरक्षण मिळाले. पुढे नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि विषय तेथेच खुंटला.

मराठी साहित्याने या सगळ्याकडे कसे पाहिले? आमच्या विषयाचा हा भाग दुखरा आहे. याच दशकाच्या अखेरीस र. वा. दिघे यांची ‘पाणकळा’ आली. खोपोलीजवळ राहून, शेती करून लिहिणारा हा लेखक म्हणजे खालापूरच्या मातीची मराठी कादंबरीतली खूण. मात्र कुळाने मतदार होणे, त्याने पहिल्यांदा मतपेटीपुढे उभे राहणे, त्या दिवशी खोताच्या ओटीवर काय बोलले गेले असेल ते, हा विषय कादंबरीचा झाला नाही. श्री. ना. पेंडसे यांच्यासारख्या समर्थ लेखकाने खोताच्या वाड्याचे सर्व कोनाडे उजळले. ‘तुंबाडचे खोत’ला दोन खंड लागले. खोताला दोन खंड मिळाले, कुळाला एक पुस्तिका मिळायची मारामार. हा पेंडशांवर आक्षेप नव्हे, त्यांनी जे पाहिले ते लिहिले. आक्षेप असलाच तर समीक्षेवर आहे. प्रादेशिकतेची चर्चा करताना तिने बोली, निसर्ग, स्वभावचित्रे यांची मोजदाद केली. साऱ्याची आणि मताची कधी केली नाही.

कर्जतच्या डोंगरपट्टीचा प्रश्न निवडणुकीने सोडवला नाही, त्यामुळे तो निवडणुकीबाहेर गेला. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी सावकारी पाशातून आदिवासींना सोडवण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या, आणि १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. येथले पाणी घेऊन मुंबईकडे गेलेल्या त्याच तारा. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. भाई कोतवालांच्या सोबत डोंगरात वाट दाखवणाऱ्यांत जे ठाकूर-कातकरी होते, त्यांच्यापैकी कितीजणांचे नाव १९३७ च्या यादीत असणे शक्य होते, हे वरच्या अटी पाहून ज्याचे त्याने ठरवावे.

खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आंबेडकरांच्या विधेयकानंतर बारा वर्षांनी. मांडणारे सरकार पुन्हा खेरांचेच, आणि त्यात मोरारजीही होते. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. तोवर मतासाठी वतनाचा पुरावा देण्याची गरज उरली नव्हती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत कातकऱ्यालाही मत होते आणि आठ रुपयांचे बंधन इतिहासजमा झाले होते.

मात्र यादी रुंदावली तेव्हाच मोजणीचा तो जुना नियम गेला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दोन सदस्यांच्या मतदारसंघांसाठी स्पष्ट तरतूद आली : जितक्या जागा तितकी मते, परंतु एका उमेदवाराला एकाहून अधिक मत द्यायचे नाही. हा कायदा संसदेत आला तेव्हा कायदामंत्री आंबेडकर होते. काही महिन्यांनी उत्तर मुंबईच्या अशाच द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेवर त्यांचा नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव झाला. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकून दुसरे मत वाया घालवा, असा प्रचार झाल्याची तक्रार आंबेडकर आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जात केली. बाद ठरलेल्या मतांचा त्यांनी दिलेला आकडा होता ७४,३३३.